अडलेल्याने विचारावे कसे?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजकारण, साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची वहिवाट आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय किरकोळ वाटेल. संगणकाच्या काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे लिहून दूरदूरच्या माणसांशी बोलता येते. त्यासाठी खास प्रोग्राम आहेत. ते चालविताना माणूस अडला तर त्याने मदत कोठे शोधावी आणि कशी मागावी, एवढाच हा विषय. पण तो आम्ही मुद्दाम निवडला आहे. आपल्याकडची पुष्कळ हुशार मुले-मुली विचारण्याच्या संकोचापायी मागे राहतात, असे आमचे निरीक्षण आहे. बुद्धी असते, मेहनतीची तयारी असते; फक्त “मला हे येत नाही, कसे करावे?” हे चार शब्द ओठांवर येत नाहीत. या संकोचाचा विचार करायला हा लहानसा विषय फार सोयीचा आहे.

आरंभीच एका आक्षेपाचे उत्तर देतो. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, फोनवर व्हॉट्सॲप आहे; मग हा काळ्या पडद्याचा उद्योग कशासाठी? आक्षेप रास्त आहे. पण व्हॉट्सॲपवर आपण बहुतेक वेळा ओळखीच्या माणसांशी बोलतो, आणि ओळखीच्या माणसांना बहुधा आपल्याइतकेच ठाऊक असते. ज्या संभाषणव्यवस्थेबद्दल आम्ही बोलत आहोत, तिच्यात एखादा प्रोग्राम ज्यांनी स्वतः लिहिला ती माणसे बसलेली असतात, आणि कोणीही अनोळखी मनुष्य आत जाऊन त्यांना प्रश्न विचारू शकतो. शिवाय तेथे अक्षरांखेरीज काही पाठवायचे नसते, म्हणून जुना संगणक आणि मंद जोडणी यांवरही काम भागते. आणि दूर कोठे तरी ठेवलेले सर्व्हर सांभाळण्याची नोकरी ज्यांना करायची आहे, त्यांच्यापुढे आयुष्यभर हा काळा पडदाच राहणार आहे. त्याची भीती जितक्या लवकर मोडेल तितके बरे.

प्रथम ही व्यवस्था आहे तरी काय, ते पाहू. १९८८ सालच्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’ नावाची व्यवस्था तयार केली. तिलाच थोडक्यात आय.आर.सी. म्हणतात. तिचे नियम १९९३ च्या मे महिन्यात रीतसर लिहून प्रसिद्ध झाले. कल्पना अगदी साधी आहे. अनेक सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात आणि एकाकडे आलेला निरोप ते दुसऱ्याकडे पोचवितात. बोलण्यासाठी वेगवेगळी दालने असतात. त्यांना ‘चॅनेल’ म्हणतात आणि त्यांच्या नावाआधी ‘हॅश’ची खूण असते. आत जाणारा मनुष्य स्वतःला एक टोपणनाव घेतो. त्याच्या संगणकावर जो प्रोग्राम चालतो, त्याच्या खिडकीत दालनातील बोलणे ओळीमागून ओळ सरकत जाते. असे प्रोग्राम अनेक आहेत. कमांड लाइनवर, म्हणजे माऊसवाचून केवळ आज्ञा लिहून चालणाऱ्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत: फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी १९९९ साली सुरू केलेला इर्सी आणि फ्रान्सच्या सेबास्तियाँ हेल्यू यांनी २००३ साली सुरू केलेला वीचॅट.

हे सारे परदेशी आणि आपल्याशी संबंध नसलेले आहे असे मात्र कोणी समजू नये. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यात मुंबई पहिल्या शहरांपैकी होती. तेव्हा ‘शेल खाते’ नावाचे स्वस्तातले खाते मिळे. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो किंचाळून झाला की पडद्यावर अक्षरे उमटू लागत. चित्रे नाहीत, रंगीत बटणे नाहीत. पत्र वाचायचे तर आज्ञा लिहा, गप्पा मारायच्या तर आज्ञा लिहा. महाराष्ट्रातील इंटरनेटची पहिली विद्यार्थी पिढी या काळ्या पडद्यावरच वाढली. आज जी वस्तू नवशिक्याला अगम्य वाटते, तिच्याशी तीस वर्षांपूर्वी आपलीच माणसे झटून भिडली होती.

आता नवशिका अडतो कोठे, ते पाहू. तो इर्सी उघडतो. पडद्यावर काही ओळी येतात आणि खाली एक लुकलुकती खूण दिसते. तो ‘नमस्कार’ लिहितो. कोणी उत्तर देत नाही, कारण तो अद्याप कोणत्याही सर्व्हरला जोडलेलाच नसतो. तो रिकाम्या खोलीत बोलत असतो. येथे साधे बोलणे आणि आज्ञा यांत भेद आहे, आणि तो भेद एका तिरप्या रेघेने, म्हणजे स्लॅशने दाखवायचा असतो. स्लॅश देऊन ‘कनेक्ट’ लिहिले की जोडणी, ‘जॉइन’ लिहिले की दालनात प्रवेश, ‘क्विट’ लिहिले की बाहेर. ही पहिली अडचण. दालनात गेल्यावर नवी खिडकी उघडते, आणि जुनी कोठे गेली ते कळत नाही. ‘ऑल्ट’ दाबून आकडा दाबला की खिडकी बदलते, ही दुसरी. काही दालनांत नोंदणी केलेल्या नावालाच प्रवेश असतो, ही तिसरी. यांतली एकही अडचण बुद्धीची कसोटी पाहणारी नाही. प्रत्येक अडचण कोणी तरी एकदा सांगितले की जन्मभर लक्षात राहील अशीच आहे. पण सांगणारा भेटेपर्यंत मनुष्य हताश होतो आणि पुष्कळदा प्रोग्राम बंद करून टाकतो.

तेव्हा मदत शोधायची तरी कोठे? पहिली मदत त्या प्रोग्रामच्या पोटातच असते. इर्सीत काय किंवा वीचॅटमध्ये काय, स्लॅश देऊन ‘हेल्प’ लिहिले की सगळ्या आज्ञांची यादी येते. ‘हेल्प’पुढे एखाद्या आज्ञेचे नाव लिहिले की त्या आज्ञेची माहिती येते. इर्सी पहिल्यांदा उघडताच स्वागताचा निरोप येतो, त्यात मार्गदर्शिका कोठे वाचावी, हे लिहिलेले असते. नवशिका तोच निरोप न वाचता पुढे जातो. आपण नवीन मिक्सर आणला की त्याबरोबरचा कागद पिशवीसकट कचऱ्यात टाकतो, तसलाच हा प्रकार.

दुसरी मदत म्हणजे ‘मॅन’. हा ‘मॅन्युअल’ या शब्दाचा संक्षेप आहे. युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७१ सालच्या नोव्हेंबरात तयार केली. तिची मांडणी इतकी नेटकी होती की आजही तीच थोड्याफार फरकाने चालू आहे: आधी आज्ञेचे नाव, मग ती लिहावी कशी, मग ती काय करते, मग तिच्याशी संबंधित आणखी काय पाहावे, आणि शेवटी तिच्यातील दोष. ज्यांनी वस्तू केली त्यांनीच तिचे दोष त्याच कागदावर लिहून ठेवले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. हे पान कादंबरीसारखे पहिल्या ओळीपासून वाचायचे नसते. ते उघडले की स्लॅश देऊन हवा तो शब्द लिहावा, म्हणजे तो शब्द जेथे आहे तेथे आपण पोचतो. काम झाले की ‘क्यू’ अक्षर दाबावे, म्हणजे बाहेर पडतो. बाहेर कसे पडावे हे ठाऊक नसल्यामुळे संगणकच बंद करणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इंटरनेटवर शोध घेताना एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी. वीचॅट या नावात इंग्रजी ‘ई’ दोनदा येतो. एक ‘ई’ गाळला तर चीनमधील त्याच उच्चाराच्या प्रचंड लोकप्रिय व्यवस्थेची माहिती समोर येते आणि मनुष्य भलत्याच रस्त्याला लागतो. शोधाच्या शब्दांत ‘आय.आर.सी.’ हा शब्द जोडला की हा घोटाळा टळतो. आणि पडद्यावर चुकीचा जो निरोप आला असेल, तो आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा उतरवून शोधावा. तोच निरोप आपल्याआधी शेकडो लोकांना आलेला असतो.

एवढे करूनही गाठ सुटत नाही, तेव्हा माणसांकडे जायचे. इर्सी आणि वीचॅट या दोहोंची स्वतःची दालने ‘लिबेरा चॅट’ या सर्व्हरजाळ्यावर आहेत. तेथे उत्तरे देणारे लोक पगारी नोकर नाहीत. आपले काम सांभाळून, फावल्या वेळात ते तेथे बसतात. हे पुरते उमजले की पुढचे सगळे शिष्टाचार आपोआप कळतात.

आपल्याकडची एक सवय तेथे आड येते. आपण दारात उभे राहून म्हणतो, “एक विचारू का?” समोरचा “विचारा की” म्हणतो, मग आपण विषय काढतो. घरी हे सौजन्य आहे. दालनात मात्र शेकडो लोक असतात, ज्याचे त्याचे लक्ष दुसरीकडे असते. मधून मधून कोणी पडद्याकडे पाहतो. त्याला “एक विचारू का?” एवढेच दिसले तर प्रश्नच ठाऊक नसताना त्याने हो तरी कसे म्हणावे? विचारणारा होकाराची वाट पाहतो, होकार येत नाही, आणि आपली उपेक्षा झाली असे मनाशी घेऊन तो निघून जातो. तेथे सरळ प्रश्नच मांडायचा असतो. तीच गोष्ट ‘सर’ या शब्दाची. आपली मुले प्रत्येक ओळीला ‘सर, सर’ करतात. समोर बसलेली व्यक्ती बाई आहे की पुरुष, विद्यार्थी आहे की प्राध्यापक, हे टोपणनावावरून कळत नाही, आणि बहुतेकांना हा मान अवघडवतो. आदर दाखवायचा तर प्रश्न नीट तयार करून आणावा. दुसऱ्याचा वेळ वाचविणे हाच तेथला नमस्कार आहे.

प्रश्न नीट तयार करणे म्हणजे काय, हे समजायला नाशिककरांना दूर जायला नको. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. एखादा यात्रेकरू येऊन नुसते म्हणाला, “माझे आजोबा इकडे आले होते, बघा कोठे नाव सापडते का,” तर कितीही जाणते उपाध्याय असले तरी काय करणार? पण त्याने मूळ गाव सांगितले, आडनाव सांगितले, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव सांगितले, की नेमकी वही निघते आणि नेमके पान उघडते. माहिती वहीत आधीपासून होतीच. ती बाहेर काढणारी किल्ली यात्रेकरूच्या हाती होती. “माझे इर्सी चालत नाही” हा प्रश्न पहिल्या यात्रेकरूचा आहे.

दुसऱ्या यात्रेकरूचा प्रश्न असा असेल: “उबंटूवर इर्सी चालवितो आहे. लिबेराशी जोडणी होते. अमुक दालनात जाऊ लागलो की आधी ओळख पटवा असा निरोप येतो. नावाची नोंदणी काल केली, ई-मेलने आलेल्या सूचनेप्रमाणे ती पक्कीही केली. तरी आज तोच निरोप येतो. काय राहिले?” या प्रश्नात कोणत्या यंत्रावर, काय करू पाहिले, काय अपेक्षित होते, काय घडले आणि आधी कोणते उपाय केले, हे सारे आले. अशा प्रश्नाला एका ओळीत उत्तर मिळते: नोंदणी झाली आहे, पण दरवेळी जोडणी केल्यावर संकेतशब्द देऊन ओळख पटवावी लागते, किंवा ते काम प्रोग्राम आपोआप करील अशी तजवीज त्यात एकदाच करून ठेवावी लागते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तारघर आठवत असेल. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून लोक थोडक्यात लिहीत. पण गाडी कोणती, वार कोणता, उतरायचे कोठे, हे कोणी गाळीत नसे. प्रश्न तसा लिहावा.

आणखी एक गोष्ट. आपल्याला खरोखर काय साधायचे आहे, तेही सांगावे. रामकुंडावर आलेला एखादा परगावचा मनुष्य “होडी कोठे मिळेल?” असे विचारतो. आपण होडीच्या शोधात त्याच्याबरोबर हिंडतो. शेवटी कळते की त्याला फक्त पलीकडच्या तीरावर जायचे होते, आणि पूल तर शेजारीच होता. संगणकाच्या दालनांत अशा होड्या शोधणारे फार. मनाशी एक उपाय योजायचा, तो जमला नाही की त्या उपायाबद्दलच विचारीत राहायचे, आणि मूळ हेतू सांगायचाच नाही. हेतू सांगितला की जाणता मनुष्य पूल दाखवितो.

यापुढची गोष्ट धीराची. नाशिकला सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सकाळचे साडेसहा आणि न्यूयॉर्कला मध्यरात्रीनंतरचे साडेबारा झालेले असतात. उत्तर देणारा झोपलेला असेल. म्हणून प्रश्न टाकून दालनातच थांबावे. आय.आर.सी. मुळात मागचे बोलणे साठवून ठेवीत नाही. आपण गेल्यावर कोणी उत्तर दिले तर ते आपल्यापर्यंत पोचत नाही. पाच मिनिटे वाट पाहून निघून जाणाऱ्यांना उत्तरे मिळालेली असतात, फक्त ती घ्यायला ते हजर नसतात. आपण दूर गेलो तरी प्रोग्राम मागे चालू राहावा यासाठी ‘स्क्रीन’ आणि ‘टीमक्स’ अशी साधने आहेत. नवशिक्याने पहिल्या महिन्यात शिकून घ्यावी अशी ती वस्तू आहे.

ही विद्या शिकविता येते का? येते. याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटाने २००८ सालापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य वर्ग चालविले, आणि ते वर्ग आय.आर.सी.च्या दालनातच भरत. ते चालविणारे कुशल दास काही वर्षे पुण्यात नोकरीला होते. वर्गात नुसती अक्षरे. ना चेहरा, ना आवाज. मग शंका असलेल्या मुलाने हात वर कसा करायचा? त्याने एक उद्गारचिन्ह लिहायचे आणि थांबायचे. पाळी आली की त्याला बोलाविले जाई आणि मग तो प्रश्न विचारी. गावोगावची मुले घरबसल्या या वर्गाला बसत. प्रोग्रामिंग तर ती शिकलीच. पण चारचौघांत शंका कशी विचारावी, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे, पूर्ण शब्द लिहावेत, याचेही वळण त्यांना लागले. आपल्या शाळा-महाविद्यालयांत शंका विचारणाऱ्या मुलाकडे वर्ग वळून पाहतो आणि हसतो. तेथे शंका विचारणे हीच हजेरी होती.

गीतेच्या चौथ्या अध्यायात जाणत्याकडून ज्ञान मिळविण्याची तीन साधने सांगितली आहेत: नम्रता, पुन्हा पुन्हा विचारणे आणि सेवा. यातले पहिले साधन आपण उत्तम सांभाळले, किंबहुना त्याचाच अतिरेक केला. दुसरे साधन मात्र आपल्या घरांतून आणि वर्गांतून हरवत गेले. विचारणारा तो उद्धट, न विचारणारा तो गुणी, असा समज रूढ झाला. तिसऱ्या साधनाकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

आता सावधगिरीच्या दोन-चार गोष्टी. संकेतशब्द देण्याची आज्ञा लिहिताना स्लॅशच्या आधी चुकून मोकळी जागा पडली, तर प्रोग्राम तिला आज्ञा न समजता साधे बोलणे समजतो आणि आपला संकेतशब्द साऱ्या दालनाला दिसतो. म्हणून ही आज्ञा नेहमी पहिल्या, रिकाम्या खिडकीत लिहावी. आणि कधी असे घडलेच तर लाजत न बसता तत्काळ संकेतशब्द बदलावा. दुसरे, पडद्यावरच्या पन्नास ओळी उचलून दालनात ओतू नयेत. सर्व्हर अशा माणसाला पूर आणणारा समजून बाहेर काढतो. लांब मजकूर ठेवण्यासाठी वेगळ्या जागा असतात. तेथे तो ठेवून दालनात फक्त त्याचा पत्ता द्यावा. तिसरे, कोणी अनोळखी माणसाने “ही आज्ञा चालवून पाहा” म्हटले की लगेच चालवू नये. साऱ्या फायली पुसून टाकणारी आज्ञाही दोन-तीन अक्षरांचीच असते. आधी तिचे ‘मॅन’चे पान उघडून ती काय करते ते वाचावे. आणि हल्ली यंत्रालाच प्रश्न विचारून उत्तर घेण्याची सोय झाली आहे. ती उपयोगी आहे, आणि संकोची माणसाला तर फारच सोयीची, कारण यंत्रापुढे लाज वाटत नाही. पण ते यंत्र कधी कधी अस्तित्वात नसलेली आज्ञाही मोठ्या आत्मविश्वासाने सांगते. तिचीही परीक्षा ‘हेल्प’ आणि ‘मॅन’ यांच्याकडूनच करून घ्यावी.

आता आम्ही आमच्या मुख्य चिंतेकडे वळतो. ती भाषेची आहे. हे सगळे साहाय्य जवळजवळ संपूर्णपणे इंग्रजीत आहे. वीचॅटची मार्गदर्शिका इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, जपानी, पोलिश, सर्बियन अशा भाषांतही मिळते. मराठी त्यांत नाही. इर्सीच्या दालनात मराठीत प्रश्न विचारला तर समजणारा कोणी असेलच असे नाही. त्यात तांत्रिक अडचणीही आहेत. आय.आर.सी.च्या मूळ नियमाप्रमाणे एका निरोपाला ५१२ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीत मूळ अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार या प्रत्येकाला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे तेवढ्याच जागेत मराठी वाक्य एक-तृतीयांशच मावते. आता असे प्रोग्राम लांब निरोपाचे तुकडे करून पाठवितात, तरी मर्यादा ती मर्यादाच. शिवाय काळ्या पडद्याची रचना एका चौकोनात एक अक्षर या हिशेबाने झालेली. आपली जोडाक्षरे आणि वेलांट्या त्या चौकोनांत नीट बसत नाहीत, पुष्कळ ठिकाणी अक्षरे फुटलेली दिसतात. ही व्यवस्था उभी राहिली तेव्हा आपण तेथे नव्हतो. म्हणून आपल्या अक्षरांना तेथे जागा अपुरी पडली.

पण खरा अडसर बाइटांचा नाही, मनाचा आहे. सिन्नर, निफाड, कळवण, पेठ अशा तालुक्यांतून शिकायला आलेल्या मुलाला एकाच वेळी दोन गोष्टींची लाज वाटते: मला हे येत नाही याची, आणि ते मला इंग्रजीत विचारता येत नाही याची. पहिली लाज एकवेळ जाते, दुसरी त्याला गप्प बसविते. त्याला आमचे सांगणे असे: त्या दालनांतले कित्येक लोक स्वतःच इंग्रज नाहीत. मघाशी सांगितलेल्या दोन्ही प्रोग्रामांचे मूळ कर्ते फिनिश आणि फ्रेंच. मोडक्या वाक्यांना तेथे कोणी हसत नाही. अर्धवट माहितीला मात्र कंटाळतात. व्याकरण चुकले तरी चालेल, तपशील गाळू नये. आधी प्रश्न मराठीत, कागदावर, मुद्देसूद लिहावा. मग त्याचे साधे इंग्रजी करावे. मराठीत जो प्रश्न नीट मांडता येत नाही, तो इंग्रजीतही मांडता येत नाही, आणि पुष्कळदा मराठीत मांडता मांडताच उत्तर सापडते.

हे ज्यांना आधीच येते, त्यांना आमचे सांगणे निराळे आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. पडद्यावर काम करीत करीत बोलून दाखविलेले सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ मुळात इंग्रजीत तयार होतात आणि मग त्यांच्यावर भारतीय भाषांतला आवाज चढविला जातो. लिनक्सच्या मूलभूत आज्ञांचे पाठ त्यांत आहेत, आणि मराठीतूनही आहेत. ऐकायचे, थांबवायचे, स्वतः करून पाहायचे, पुन्हा ऐकायचे, अशी त्यांची रीत. पडद्यावरची आज्ञा इंग्रजीतच राहते. समजावण्याची भाषा आपली होते. एवढ्याने केवढा फरक पडतो! हे काम शक्य आहे, त्याचा हा धडधडीत पुरावा होय. काळ्या पडद्यावरच्या संभाषणासाठीही मराठीतून असे काही करायला काय हरकत आहे?

आणि ते करण्याची निकड आहे, कारण ही मदत कोणा एका इमारतीत साठवलेली नाही. २०२१ साली असे झाले की ‘फ्रीनोड’ नावाच्या, अशा दालनांसाठी नावाजलेल्या जाळ्याच्या मालकीवरून वाद उपस्थित झाला. १९ मे रोजी ते सांभाळणारे स्वयंसेवक मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्यांनी ‘लिबेरा चॅट’ उभे केले. शेकडो दालने काही आठवड्यांत तिकडे गेली. जुन्या पुस्तकांत आणि लेखांत अजूनही जुनाच पत्ता असतो; तो वाचून कोणी तेथे गेला तर त्याला ओसाड दालने दिसतील. पुष्कळ गट आता डिस्कॉर्ड, मेट्रिक्स अशा नव्या व्यवस्थांवरही गेले आहेत. पत्ते बदलत राहणार. माणसे, त्यांची सांगण्याची हौस आणि आपली विचारण्याची रीत, एवढेच टिकणार.

म्हणून आता तिसऱ्या साधनाकडे, सेवेकडे येतो. ज्याला उत्तर मिळाले त्याने काय करावे? पहिले, उपाय लागू पडला की नाही ते दालनात येऊन सांगावे. काम झाले की निघून जाणे, हे वाट विचारून आभार न मानता पुढे जाण्यासारखे आहे; शिवाय तो उपाय खरा ठरला की नाही, हे सांगणाऱ्यालाही कळत नाही. दुसरे, ते उत्तर मराठीत लिहून ठेवावे. आमची नाशिककरांना एक साधी सूचना आहे. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालू आहे. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावी आहे, आणि दूर बसलेल्या विद्यार्थ्याला शिकविणे हेच त्याचे काम आहे. शहरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी एक ‘अडचण-वही’ ठेवावी. डाव्या पानावर: काय करू पाहिले, काय झाले, काय निरोप आला. उजव्या पानावर: उपाय काय निघाला, कोणी सांगितला, कोणत्या तारखेला. भाषा मराठी, आज्ञा जशाच्या तशा. वर्षभरात शंभर पाने भरतील. ती कोणी संगणकावर उतरवून घेईल, कोणी तपासून जुनी झालेली उत्तरे खोडील. याला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. रोज दहा मिनिटे देणारी दोन माणसे लागतात.

पंचवटीतल्या वंशावळीच्या वह्या काही एका माणसाने एका बैठकीत लिहिलेल्या नाहीत. जो आला त्याची नोंद झाली, आणि त्या नोंदीचा उपयोग त्याच्या नातवाला झाला. पुढच्या वर्षी कळवणची एखादी मुलगी काळ्या पडद्यापुढे अडून बसेल, तेव्हा तिच्या अडचणीची नोंद आपल्या वहीत आधीच झालेली असावी, आणि नसेल तर ती कोणाला व कशी विचारावी हे तिला ठाऊक असावे. तेवढी तजवीज या शहराला सहज करता येईल.  आता ज्यांना शंका असतील त्यांनी खुशाल विचाराव्यात, मात्र “एक विचारू का?” असे विचारू नये, एवढीच विनंती आहे.